मागच्या डिफरन्शियलचा आवाज : उघडून, मोजून केलेली दुरुस्ती

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांकडे वाटणारा, एक्सलच्या मध्यातला गियरांचा गट) आवाज करू लागला की लोक सहसा दोन सल्ले देतात : घट्ट तेल घाला, किंवा भंगारातून अख्खा एक्सल आणून बसवा. माझ्या जुन्या डिझेल जीपच्या बाबतीत हे दोन्ही सल्ले मला मिळाले आणि मी दोन्ही मानले नाहीत. तो डिफरन्शियल उघडून, मोजून, नव्याने जुळवून घेतला. ते काम कसे झाले हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या दुरुस्तीत नव्या भागांपेक्षा मापांना अधिक महत्त्व आहे आणि गॅरेजमध्ये घाई झाली की पहिल्यांदा मापेच गाळली जातात.

ही जीप गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कामाला आहे. सुपारी, नारळ आणि केळी साखळीच्या बाजारात न्यायची आणि अधूनमधून केरीहून चोर्ला घाट चढून बेळगाव गाठायचे, हे तिचे नेहमीचे काम. कुळागराच्या वाटेवर एक ओहोळ ओलांडावा लागतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या सत्तरीत त्याहून अधिक, त्यामुळे चतुर्थी उलटेपर्यंत त्या ओहोळाचे पाणी मागच्या एक्सलला लागतेच. दुसरी वाट नाही. एका पावसाळ्यानंतर गाडीच्या मागून घोंघावणारा आवाज येऊ लागला. ताशी ४० किलोमीटरच्या पुढे तो सुरू होई, ५५ ते ६० च्या दरम्यान सर्वांत मोठा होई आणि त्यापुढे इंजिनाच्या आवाजात मिसळून जाई.

मागून येणारा प्रत्येक आवाज डिफरन्शियलचा नसतो, म्हणून स्पॅनर हातात घेण्याआधी ऐकण्यात वेळ घालवला. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. गुळगुळीत डांबरावर एक आणि खडबडीत रस्त्यावर दुसरा. माझा आवाज दोन्हींवर सारखाच होता. चाकाच्या हबचे बेअरिंग खराब असेल तर मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीउजवीकडे घेतल्यावर भार एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जातो आणि आवाज कमीजास्त होतो. तसेही झाले नाही. सरळ जाताना आवाज नसता आणि वळणावरच कुरकुर ऐकू आली असती, तर संशय वळताना दोन चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या आतल्या लहान स्पायडर गियरांवर गेला असता. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तरी घोंघावणे थांबले नाही, म्हणजे इंजिन आणि क्लच यांचा संबंध नव्हता. राहिले प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गियरबॉक्सचा जोर मागच्या एक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (सांधे). ते झिजले की गाडी निघताना खट्कन झटका बसतो आणि वेग वाढला की थरथर जाणवते. तेही दिसले नाही.

खरे उत्तर चोर्ला घाटाने दिले. सपाटीवर भार क्षणोक्षणी बदलत राहतो, पण घाटात बराच वेळ सलग चढ आणि बराच वेळ सलग उतार मिळतो. चढताना पिनियन (प्रोपेलर शाफ्टने फिरणारा लहान गियर) क्राऊनला (चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या गियरला) फिरवतो आणि दातांच्या दाबामुळे तो क्राऊनपासून दूर ढकलला जातो. तो रेटा पिनियनच्या डोक्यामागचे मोठे बेअरिंग सोसते. उतारावर गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उलटे होते : चाके इंजिनाला फिरवू लागतात, दातांची दुसरी बाजू भार घेते, पिनियन क्राऊनकडे ओढला जातो आणि भार पुढच्या, म्हणजे फ्लँजजवळच्या (प्रोपेलर शाफ्ट जोडायच्या चकतीजवळच्या) लहान बेअरिंगवर येतो. माझी जीप चढताना बेताने गुणगुणत असे आणि उतरताना मोठ्याने घुरघुरत असे. पिनियनचे पुढचे बेअरिंग गेले आहे आणि त्याचा प्रीलोड (बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला सुरुवातीचा दाब) संपला आहे, असा अंदाज त्यावरून बांधला. आवाजाच्या पट्टीनेही त्याला दुजोरा दिला. ४१ दातांच्या क्राऊनला १० दातांचा पिनियन असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन ४.१ फेरे घेतो. त्यामुळे पिनियनच्या बेअरिंगचा आवाज चाकाच्या बेअरिंगहून बराच वरच्या पट्टीत लागतो.

घरी पुढच्या चाकांना अडण्या लावून मागचा एक्सल भक्कम स्टँडवर घेतला. प्रोपेलर शाफ्ट सोडून पिनियनचा फ्लँज हाताने वरखाली हलवला, तेव्हा स्पष्ट खेळ जाणवला. तिथे खेळ मुळीच असता कामा नये. मग ड्रेन प्लग उघडला. आधी थोडे पाणी आले आणि पाठोपाठ चहात दूध ओतावे तसे फिकट, गढूळ तेल. प्लगच्या चुंबकावर मऊ राखाडी लेप साठणे स्वाभाविक आहे. इथे त्या लेपात बोटांना टोचणारे चमकदार कणही होते. त्यानंतर घट्ट तेलाचा सल्ला विचारात घेण्याचे कारण उरले नाही. घट्ट तेलाने आवाज काही काळ दबतो, पण झिजलेल्या बेअरिंगमुळे पिनियन जागा सोडत राहतो आणि अखेरीस दातांचा बळी जातो.

पाणी आत कसे गेले, हे समजून घेणे दुरुस्तीइतकेच आवश्यक होते. एक्सलच्या वरच्या बाजूला ब्रीदर नावाची लहानशी टोपी असते. गाडी चालून एक्सल तापला की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. असा तापलेला एक्सल ओहोळाच्या गार पाण्यात शिरला की हवा आकसते आणि ब्रीदर किंवा कमकुवत झालेले सील जिथून वाट देईल तिथून पाणी आत ओढले जाते. माझा ब्रीदर मातीने बुजलेला होता, म्हणून पाण्याने पिनियनच्या सीलमधून वाट काढली होती.

हे काम कोणाकडे द्यावे, याबद्दल मनात शंका नव्हती. डिचोली, साखळी, होंडा, उसगाव या पट्ट्यात खनिज वाहतुकीच्या ट्रकांवर हात बसलेले मेस्त (कुशल कारागीर) आहेत. खाणी जोरात असताना भरलेले ट्रक खाणीपासून जेटीपर्यंत दिवसभर धावत आणि मागची हौसिंगे (डिफरन्शियलच्या बाहेरच्या पेट्या) उघडणे हे तिथल्या गॅरेजांचे रोजचे काम होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, नंतर काही काळ सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. ट्रक उभे राहिले तरी त्या हातांतले कौशल्य गेले नाही. मात्र क्राऊन-पिनियन जुळवणे शिकणारी नवी मुले आता कमी दिसतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. मी गेलो ते मेस्त वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. फ्लँज हलवून पाहिल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घाई नाही ना तुम्हांला? एकदा बसवून लगेच झाले, असे हे काम नव्हे." मी म्हणालो, "मेस्त, तुम्ही म्हणाल तेवढे दिवस गाडी इथेच राहू दे."

ड्रम काढून दोन्ही एक्सल शाफ्ट बाहेर ओढले आणि नट सोडून डिफरन्शियलचा संपूर्ण गाभा पुढच्या बाजूने काढून बाकावर घेतला. काही गाड्यांत एक्सलला मागून झाकण असते आणि सगळे काम गाडीखाली आडवे पडून करावे लागते. आमच्या जीपच्या रचनेमुळे ते टळले. मेस्तांनी काहीही सोडण्यापूर्वी डायल गेज लावून क्राऊन आणि पिनियन यांच्या दातांमधला मोकळा खेळ, म्हणजे बॅकलॅश, मोजून भिंतीवर खडूने लिहिला. तो ०.३० मिलीमीटरच्या आसपास होता. अशा आकाराच्या डिफरन्शियलमध्ये तो सामान्यतः ०.१३ ते ०.२० असावा लागतो. बाजूच्या बेअरिंगांच्या टोप्यांवर डाव्याला एक आणि उजव्याला दोन असे पंचाचे ठसे मारले, कारण त्या टोप्या घडणीतच जागेवर बसवून कापलेल्या असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही.

पिनियन बाहेर आल्यावर पुढच्या बेअरिंगच्या कपावर (बाहेरच्या कड्यावर) गंजाचे आडवे पट्टे दिसले. दोन पट्ट्यांमधले अंतर रोलरांमधल्या अंतराइतकेच होते. गाडी उभी असताना रोलर जिथे टेकले, तिथे पाणी धरून राहिले होते. क्राऊन आणि पिनियन यांचे दात मात्र वाचले होते. कडा शाबूत होत्या, खड्डे किंवा तडे नव्हते. ही जोडी कारखान्यात एकमेकींवर घासून तयार होते आणि दोन्हींवर एकच जुळणी क्रमांक कोरलेला असतो. ती शक्यतो मोडू नये या मताचे मेस्त होते आणि मीही. भंगारातला एक्सल मला नको होता तो याचसाठी : त्याच्या पोटात कोणती जोडी, कोणत्या जुळणीने बसली आहे, हे बाहेरून कळत नाही. पिनियनची दोन आणि बाजूंची दोन बेअरिंगे, सर्व सील आणि चेपला जाणारा नवा स्पेसर (पिनियनच्या दोन बेअरिंगांमधली धातूची नळी) एवढेच नवे घेतले. बेअरिंगांवर कोरलेले क्रमांक उतरवून ती बेळगावच्या दुकानातून आणली.

पुढचे काम पाहण्यासाठी मी मुद्दाम रोज जाऊन बसलो. पिनियनच्या डोक्यामागे, बेअरिंगच्या आत, एक पातळ शिम (धातूची चकती) असते आणि पिनियन क्राऊनमध्ये किती खोल जाईल हे तिच्या जाडीवर ठरते. मेस्तांनी जुन्या आणि नव्या बेअरिंगची उंची मायक्रोमीटरने मोजून फरक लिहिला. याच मापाच्या एका बेअरिंगचे आतले भोक घासून हाताने सरकेल एवढे त्यांनी कधीकाळी मोठे करून ठेवले होते. प्रत्येक चाचणीला नवे बेअरिंग प्रेसखाली बसवावे आणि पुन्हा ओढून काढावे लागू नये, म्हणून ही तजवीज. दातांना प्रशियन ब्लू लावून क्राऊन फिरवला, तेव्हा घासलेला ठसा दाताच्या बुडाकडे उमटला. म्हणजे पिनियन गरजेपेक्षा खोल होता. शिम ०.०५ मिलीमीटरने पातळ केली. पिनियन मागे आला की बॅकलॅश वाढतो, म्हणून बाजूच्या ॲडजस्टर नटांपैकी एक जेवढा सैल केला तेवढाच दुसरा आवळून क्राऊन जवळ आणला. पुन्हा निळा रंग, पुन्हा ठसा. कागदाच्या जाडीहून कमी फरकाने ठसा दातावर केवढा सरकतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. ठसा दाताच्या मधोमध आला आणि क्राऊनभोवती निरनिराळ्या ठिकाणी बॅकलॅश ०.१५ च्या जवळपास स्थिर मिळाला, तेव्हाच मेस्तांनी नवी बेअरिंगे प्रेस केली.

शेवटी प्रीलोड. पिनियनचा नट आवळला की चेपणारा स्पेसर दबतो आणि बेअरिंगे हळूहळू घट्ट होतात. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ती स्प्रिंग तराजूने ओढायची आणि पिनियन फिरवायला लागणारा जोर मॅन्युअलमधल्या मर्यादेत येईपर्यंत नट अगदी थोडा थोडा आवळायचा. मर्यादा ओलांडली तर नट मागे सोडून भागत नाही. स्पेसर चेपलेलाच राहतो आणि नवा घालावा लागतो. नट नुसत्या अंदाजाने ठोकून आवळण्याची पद्धत मी इतर ठिकाणी पाहिली आहे आणि नव्या बेअरिंगांचा आवाज लवकर परत येण्याचे ते एक मोठे कारण आहे, असे माझे मत आहे.

हायपॉइड रचनेत पिनियनचा आस क्राऊनच्या मध्याखाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर लोळतात तसे घसरतातही. तो दाब सोसणारे जीएल-५ प्रतीचे ८०डब्ल्यू-९० तेल मॅन्युअलप्रमाणे भरले. ब्रीदरची टोपी काढून तिथे तेलाने खराब न होणारी रबरी नळी जोडली आणि तिचे तोंड टपाच्या आतल्या बाजूला उंचावर, खाली वळवून बांधले. सुरुवातीला भार न घालता थोडे चालवायचे, थांबून हौसिंगला हात लावून उष्णता पाहायची, निवू द्यायचे आणि पुन्हा निघायचे, असे केले. ५०० किलोमीटरला ते तेल काढून नवे भरले.

घाटाच्या उतारावरची घुरघुर पूर्ण गेली. ५५ च्या आसपास, ॲक्सिलरेटर किंचित दाबलेला असताना, बारीक शिट्टीसारखा आवाज अजून लागतो. सैल बेअरिंगांवर चाललेल्या काळात दातांवर जी झीज झाली तिचा तो आवाज आहे आणि जुनी जोडी ठेवली तर तो राहणार, हे मेस्तांनी आधीच सांगितले होते. तो वाढत नाही, म्हणून जोडी बदललेली नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर प्लग उघडून पाहिला तेव्हा तेल स्वच्छ होते, पाण्याचा थेंब नव्हता आणि चुंबकावर फक्त मऊ लेप होता. आता दरवर्षी ओहोळ उतरला की तेवढी तपासणी करतो, आणि तेलात गढूळपणा दिसला तर ते त्याच दिवशी बदलायचे ठरवले आहे.