तुटलेलं पुन्हा जुळताना

आज दिवसभर हातात जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन' होती. अ‍ॅन १९व्या वर्षी ठरलेलं लग्न मोडते, २७व्या वर्षी तोच माणूस, वेंटवर्थ, समोर येतो. मधली ८ वर्षं कादंबरीत जवळपास नाहीतच, आणि तरी पानोपानी आहेत.

अशा कादंबऱ्यांची खरी गंमत हीच. पहिल्या भेटीचं नवल नसतं. दोघांना एकमेकांच्या सवयी पाठ असतात, म्हणून तर साधं 'बसा ना' म्हटलेलंही टोचतं.

बहुतेक वेळा गाडं अडतं ते ताटातुटीच्या कारणापाशी. एका फोनने मिटेल असला गैरसमज असेल तर वाचक वैतागतो (आणि बरोबरच आहे त्याचं). पैसा, घरच्यांचा दबाव, भित्रेपणा असं काहीतरी खरं हवं. मधल्या काळात दोघं बदललेली दिसायला हवीत, नाहीतर पुन्हा तेच होणार. भूतकाळ तुकड्यातुकड्यानेच यावा; सलग तीन प्रकरणं फ्लॅशबॅक आला की समोरची ओढ मेलीच.

कबुलीचीही घाई नको. ऑस्टिन ती शेवटून दुसऱ्या प्रकरणापर्यंत ताणते. अ‍ॅन भलत्याशीच बोलत असते, वेंटवर्थ त्याच खोलीत पत्र लिहीत बसलेला, आणि त्याच्या हातातून लेखणी खाली पडते.