गळ्यापर्यंत पाणी

आमच्या बडोद्यात विश्वामित्री नदी चढली की दोन बातम्या हमखास कानावर येतात: सोसायटीत मगर शिरली आणि आजवा तलावाचे दरवाजे उघडले. ऑगस्ट 2024च्या पुरातही तेच. दोन्ही खऱ्या असू शकतात, म्हणूनच बातमीदार म्हणून सांगणाऱ्याला मी आधी विचारते, "स्वतः पाहिलंत का?" माणसं चिडत नाहीत. बरेच जण हसून "ग्रुपमां आव्युं'तुं" म्हणत मोकळे होतात.

पाणी ओसरल्यावर एक काका म्हणाले, गळ्यापर्यंत होतं. घरात भिंतीवरची गाळाची रेघ मात्र माझ्या कमरेशी. आमच्या फोटोग्राफरने डोळे मिचकावले. मी म्हटलं, "काका, तुम्ही उभे कुठे होतात ते दाखवा ना." ते फाटकाबाहेर गेले आणि तीन पायऱ्या उतरून रस्त्यावर उभे राहिले. विजेच्या खांबावर तीच रेघ त्यांच्या हनुवटीखाली! बातमीत दोन्ही मापं गेली, रस्त्यावरचं आणि घरातलं.

"कसं वाटतंय?" हे मी विचारत नाही. रेशनकार्ड चिमटे लावून दोरीवर वाळत घातलेल्या बाईला कसं वाटणार? पाणी आत आल्यावर आधी काय उचललंत, असं विचारलं. "सासूबाईंच्या गोळ्या. मग पिठाचा डबा," ती म्हणाली, आणि मग बोलतच राहिली.

आजव्याचं प्रकरण किचकट. सयाजीरावांच्या काळातला, 1892चा तलाव; जादा पाणी विश्वामित्रीतच येतं, तेव्हा लोकांचा संशय काही हवेतला नाही. पण पावागढकडचा पाऊसही याच नदीत उतरतो. "लोक म्हणतात तुम्ही शहर बुडवलंत" असं अधिकाऱ्याला विचारलं की पाठ केलेलं उत्तर मिळतं. पाणी किती वाजता सोडलं, तेव्हा पातळी किती होती, नदीकाठी कळवलं कधी, असं विचारलं की रजिस्टर उघडावं लागतं. उत्तर दिलं नाही तर तेवढंच लिहायचं. "गडबडले", "घाम फुटला" वगैरे मसाला नको.

रात्री त्या रेशनकार्डवालीचा फोन आला: दीर मदतीला आला नाही, हे छापू नका. डेस्कवर ते वाक्य सगळ्यांना आवडलं होतं. काढलं. दीर न आल्याने पुराची बातमी बदलत नव्हती. दुसऱ्या दिवशी एका साहेबांचाही फोन, "ते आपसातलं होतं हं." त्यांनी ते कचेरीत, माझी वही उघडी असताना सांगितलं होतं. ते छापून आलं.