हिवतापात इंटरफेरॉन: कोठे, केव्हा आणि किती

इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि झाँ लिंडेनमान यांनी विषाणूंवर काम करताना लावला, त्यामुळे पाठ्यपुस्तकांत ते आजही विषाणूविरोधी प्रथिन म्हणूनच येते. हिवतापाचा परजीवी हा विषाणू नव्हे. तो केंद्रक असलेला, वारंवार रूप पालटणारा एकपेशीय जीव आहे, आणि तरीही त्याला आवरण्यात इंटरफेरॉनचा वाटा मोठा आहे. हे प्रथिन रोग्याच्या बाजूचे की विरोधातले, असा प्रश्न मी शिकवत असलेल्या वर्गात हमखास निघतो. त्याचे उत्तर परजीवी त्या घटकेला शरीरात कोठे आहे यावर ठरते, असे माझे मत आहे.

अ‍ॅनोफिलीस डासाच्या मादीने त्वचेत सोडलेले स्पोरोझोइट, म्हणजे परजीवीचे डासातून येणारे रूप, रक्तावाटे यकृतात पोहोचतात आणि परजीवीच्या फॅल्सिपेरम या जातीच्या बाबतीत सुमारे आठवडाभर तेथेच वाढतात. या काळात रोग्याला काहीही जाणवत नाही, पण यकृतपेशीला चाहूल लागलेली असते. २०१४ साली उंदरांवरील अभ्यासांत असे दिसले की यकृतपेशीतील एमडीए-५ हा संवेदक परजीवीचा आरएनए ओळखतो, पहिल्या प्रकारचे, म्हणजे अल्फा-बीटा गटातले, इंटरफेरॉन पाझरू लागते आणि त्यापाठोपाठ पांढऱ्या पेशी यकृतात जमू लागतात. त्यांतल्या मारक पेशी आणि टी-पेशी दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे गॅमा, इंटरफेरॉन सोडतात. त्याच्या प्रभावाखाली यकृतपेशी नायट्रिक ऑक्साइड बनवून आतल्या परजीवीची वाढ खुंटवते. १९८७ सालच्या प्रयोगांत तर असे आढळले, की स्पोरोझोइट टोचून संरक्षित केलेल्या उंदरांमधले गॅमा इंटरफेरॉन निष्प्रभ केले की ते संरक्षणही नाहीसे होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी आर-२१ लस, जिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली, ती मुख्यत्वे प्रतिपिंडांच्या बळावर स्पोरोझोइटना यकृताच्या अलीकडेच अडवते. जे निसटून आत शिरतात त्यांच्यासाठी टी-पेशींना यकृतात सज्ज ठेवणारी लस हवी, म्हणून त्या दिशेने चाललेले संशोधन मला अत्यंत मोलाचे वाटते.

यकृतपेशी फुटून हजारो मेरोझोइट, म्हणजे तांबड्या पेशींत शिरणारे परजीवीचे पुढचे रूप, रक्तात उतरले की परिस्थिती पालटते. तांबड्या पेशीला केंद्रक नसते. यकृतपेशीप्रमाणे नवी जनुके चालू करून आतल्या परजीवीला मारणे तिला शक्यच नसते. येथे गॅमा इंटरफेरॉनचे काम दुसऱ्यांकरवी होते: प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याने चेततात आणि बाधित तांबड्या पेशी गिळू लागतात. जिम्सा रंगाने रंगवलेली रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली निरखून पाहिली, तर तांबड्या पेशींत लाल ठिपका असलेली नाजूक निळी वलये दिसतात, आणि अधूनमधून एखाद्या मोठ्या पांढऱ्या पेशीच्या पोटात तपकिरी कण दिसतात. ते कण म्हणजे हिमोझोइन, परजीवीने हिमोग्लोबिन पचवून मागे टाकलेला अंश. इंटरफेरॉन स्वतः काचेवर दिसत नाही, पण त्या कणांवरून भक्षक पेशींनी केलेले काम कळते. हीच चेतलेली पेशी ताप चढवणारी रसायनेही सोडते, त्यामुळे हुडहुडी भरून येणाऱ्या तापाचा काही भाग आपल्याच प्रतिकाराचा असतो.

मेंदूच्या हिवतापात मात्र हेच प्रथिन घातक ठरते. बाधित तांबड्या पेशी मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि तेथे गॅमा इंटरफेरॉन सीएक्ससीएल-१० सारखे रासायनिक संकेत निर्माण करून टी-पेशींना ओढून आणते. १९८९ साली गॅमा इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंड देऊन उंदरांमधला मेंदूचा हिवताप टाळता आला होता. उंदराचा मेंदूचा हिवताप आणि माणसाचा यांत फरक आहेत, हे येथे विसरता कामा नये. पण गांबियातील २००३ सालच्या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनच्या ग्राहकाच्या (ते पेशीवर जेथे चिकटते त्या प्रथिनाच्या) जनुकातील काही भेदांचा मेंदूच्या हिवतापापासून मिळणाऱ्या संरक्षणाशी संबंध आढळला, म्हणून हा धागा केवळ उंदरांपुरता उरत नाही.

युगांडातल्या, सतत डास चावणाऱ्या भागातील मुलांबद्दलचे निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्यांच्या परजीवीविरोधी टी-पेशींपैकी पुष्कळ पेशी गॅमा इंटरफेरॉनबरोबरच त्याला लगाम घालणारे इंटरल्युकिन-१० देखील सोडतात. त्यामुळे दाह आटोक्यात राहत असावा, पण परजीवीचा पुरता निकाल लावण्याची ताकदही बहुधा त्याच लगामामुळे कमी पडते. अशा पेशी घडवण्यात पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनचा हात असल्याचे स्वयंसेवकांवरील अभ्यासांत दिसले आहे, आणि म्हणून उपचारांबरोबर हा संकेत काही दिवसांपुरता रोखून पुढची प्रतिकारक्षमता सुधारता येईल का, याचा विचार आता होत आहे. रुग्णालयात पोचलेल्या गंभीर रोग्यासाठी मात्र आजचा उपचार परजीवी मारणारे आर्टेसुनेट हे औषध शिरेतून देणे हाच आहे, आणि त्यात वेळ दवडून चालत नाही.