एकच घर, एकच हप्ता आणि तीन वेगळे स्कोअर

गोव्यात घर विकत घेतलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. उपनिबंधकाकडे खरेदीखत नोंदवलं म्हणून सगळीकडे नाव बदलत नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर म्युटेशन, म्हणजे नावबदल, वेगळं करून घ्यावं लागतं, पंचायतीत घरपट्टीचा अर्ज वेगळा, वीज खात्यात मीटरचा वेगळा. वर्षं उलटली तरी विजेचं बिल आधीच्या मालकाच्या नावाने येणारी घरं पेडण्यापासून काणकोणपर्यंत सापडतील. घर एकच, पण दप्तरं तीन, आणि एका दप्तरातली दुरुस्ती दुसऱ्याला आपोआप कळत नाही.

अमेरिकेतल्या क्रेडिट स्कोअरचं, म्हणजे कर्ज फेडण्याची पत सांगणाऱ्या आकड्याचंही असंच आहे. मुलगी न्यू जर्सीत घर घेतेय आणि फोनवर सांगते की तिच्या नावावर एका ठिकाणी ७६४, दुसरीकडे ७५९ आणि तिसरीकडे ६८१ आलाय, की फोंड्यात बसलेल्या आईवडिलांना वाटतं, कुणीतरी फसवलं. बहुतेक वेळा फसवणूक नसते. एखाद्या दप्तरात एक ओळ चुकलेली असते, आणि पुष्कळदा ती ओळ आधीच्या घराच्या कर्जाचीच असते.

इथली, म्हणजे अमेरिकेतली तीन दप्तरं म्हणजे इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन. तिन्ही खासगी कंपन्या आहेत, त्यांना क्रेडिट ब्युरो म्हणतात. बँका, कार्ड कंपन्या आणि कर्जवसुली करणाऱ्या संस्था दर महिन्याला त्यांना माहितीची फाइल पाठवतात, पण तिन्हींना पाठवलीच पाहिजे असा कायदा इथे नाही. एखादी छोटी पतसंस्था एकाच ब्युरोला कळवते आणि गप्प बसते. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१५ साली सर्व कर्जदात्यांना चारही ब्युरोंचं सदस्य व्हायला लावलं, त्यामुळे तिकडच्या माणसाला इथली ही मोकळीक चमत्कारिक वाटते.

चूक शोधण्याआधी, जी चूकच नाही ती बाजूला काढा. स्कोअर काढायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्ये बहुधा व्हँटेजस्कोअर नावाच्या पद्धतीचा आकडा दिसतो. घरकर्ज देणारे मात्र वर्षानुवर्षं फायको या दुसऱ्या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्या बघत आलेत: एक्सपीरियनकडून फायको २, इक्विफॅक्सकडून फायको ५, ट्रान्सयुनियनकडून फायको ४. गणित वेगळं, म्हणून आकडा वेगळा. शिवाय एका ब्युरोत या महिन्याची फाइल चढलेली असते, दुसरीत अजून मागच्याच महिन्याची असते. दहा-पंधरा गुणांचा फरक अशानेच पडतो, त्यासाठी झोप उडवून घेऊ नका. साठ-सत्तर-ऐंशी गुणांचं अंतर दिसलं तर मात्र आकडे सोडा आणि नोंदी वाचायला घ्या.

घरकर्जाची नोंद बिघडते कशी, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. इथे कर्ज देणारा एक आणि हप्ते गोळा करणारा दुसरा, हे सर्रास चालतं. दुसऱ्याला सर्व्हिसर म्हणतात. वसुलीचं हे काम एका कंपनीकडून दुसरीकडे विकलं जातं, तेही तुम्हाला न विचारता. व्याजदर आणि मुदत तीच राहते, पण पैसे पाठवायचा पत्ता आणि कर्जाचा क्रमांक बदलतो. बदलाच्या किमान १५ दिवस आधी जुन्या सर्व्हिसरचं पत्र यायला हवं आणि बदलानंतर १५ दिवसांच्या आत नव्याचं. ही पत्रं जाहिरातीसारखी दिसतात आणि केरात जातात.

समजा, १ एप्रिलपासून नवा सर्व्हिसर आला. बँकेतून आपोआप जाणारा २,४१० डॉलरचा हप्ता सवयीप्रमाणे जुन्याकडे गेला. कायदा कर्जदाराच्या बाजूने आहे: बदलाच्या तारखेपासून ६० दिवसांत जुन्याकडे वेळेत पोचलेला हप्ता उशिराचा धरता येत नाही. पण नव्याच्या संगणकात एप्रिलचा खण रिकामाच असतो. मेच्या सुरुवातीला तीस दिवस भरतात आणि ब्युरोंच्या फाइलमध्ये त्या कर्जापुढे ११ ऐवजी ७१ जातं. मेट्रो २ नावाच्या ठरावीक साच्यात ही माहिती पाठवतात. त्यात ११ म्हणजे खातं चालू, ७१ म्हणजे ३० ते ५९ दिवस थकलेलं, ७८ म्हणजे ६० ते ८९ दिवस, ०५ म्हणजे दुसऱ्याकडे वर्ग झालेलं. सोबत मागच्या २४ महिन्यांची पट्टी असते, त्यात वेळेवर भरलेल्या महिन्याला ० आणि एक हप्ता मागे पडलेल्याला १. त्या पट्टीतला एकच १ सात वर्षं रिपोर्टवर राहू शकतो. ज्याचं पान आजवर स्वच्छ, त्याला फटका जास्त.

दुसरं कारण एस्क्रोचं. घरपट्टी आणि विमा यांचे पैसे हप्त्यातच गोळा होतात. ते वाढले की हप्ता २,४१० वरून २,४६६ होतो. बँकेत जुनाच आकडा लावून ठेवला असेल तर ५६ डॉलर कमी पडतात, आणि सर्व्हिसर आलेली पूर्ण रक्कम बाजूच्या खात्यात ठेवून हप्ता आलाच नाही असं धरू शकतो. ही भांडणं जिंकायला कठीण असतात, कारण कागदावर सर्व्हिसरची बाजू खरी ठरते. म्हणून एस्क्रोचं वार्षिक पत्र आलं की त्याच दिवशी बँकेतला आकडा बदलायला सांगा.

आता तीच माहिती तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी का बसते? जुन्या सर्व्हिसरची नोंद दोन ब्युरोंत ०५ होऊन बंद होते आणि तिसरीत उघडीच राहते. मग तिथे एकाच घरावर दोन कर्जं दिसतात आणि देणं दुप्पट होतं. नवा सर्व्हिसर कधी कर्जाची मूळ तारीख पाठवतो, कधी आपण ते हाती घेतल्याची. मग सहा वर्षांचं कर्ज सहा महिन्यांचं दिसतं. जुळवणी नुसत्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकावर होत नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख यांचाही मेळ घालतात, आणि प्रत्येक ब्युरोची रीत आपापली.

इथे गोव्याच्या माणसाने जास्त सावध राहावं. देसाईत एस एक की दोन, नाईकच्या शेवटी के की पोर्तुगीज काळातलं क्यूयूई, प्रभुदेसाई एक शब्द की दोन, हे घोळ जन्मदाखल्यापासून पासपोर्टपर्यंत आपल्यासोबत आलेले असतात. आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं की एकाच माणसाच्या दोन अर्धवट फाइल तयार होऊ शकतात. उलटही घडतं. वडिलांचं नाव मधे लावायच्या आपल्या पद्धतीमुळे एका पत्त्यावर राहिलेल्या दोन भावांचं मधलं नाव आणि आडनाव सारखंच, त्यात पहिलं अक्षरही तेच, आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या पानावर चढते. म्हणून मुलं इथे आली की पहिल्या दिवसापासून पासपोर्टावर आहे अगदी तसंच नाव सगळीकडे लिहायला सांगा.

क्वचित नोंदी बरोबर असूनही आकडा चुकतो. १७ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या काळात इक्विफॅक्सच्या एका जुन्या सर्व्हरवरच्या कोडिंगच्या चुकीमुळे चुकीचे स्कोअर बाहेर गेले. २५ किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक पडलेल्यांची संख्या ३ लाखांहून कमी, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं.

घरकर्जासाठी तिन्ही आकड्यांतला मधला धरण्याची पद्धत आहे, आणि ती लक्षात घेतली की घाबरायचं कधी ते कळतं. ७६४, ७५९, ६८१ असेल तर मधला ७५९. चूक एकाच ब्युरोत असेल तर घरकर्जाला धक्का फारसा लागत नाही. चूक दोन ठिकाणी असेल, म्हणजे ७६४, ६८१, ६७४, तर मधला ६८१ होतो आणि व्याज वाढतं. नवरा-बायको दोघं मिळून कर्ज काढत असतील तर दोघांच्या मधल्या आकड्यांतला कमी तो व्याज ठरवायला बघतात. म्हणजे एकाचा चुकीचा उतारा दोघांना महाग पडतो. गाडीचं कर्ज किंवा कार्ड देणारे मात्र पुष्कळदा एकाच ब्युरोला विचारतात, तेव्हा नेमकी ती चुकलेली निघू शकते.

दुरुस्तीला बसताना तिन्ही रिपोर्ट एकाच दिवशी काढा. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम या संकेतस्थळावर ते दर आठवड्याला फुकट मिळतात. घरकर्जाची ओळ तिन्हींतून शेजारी-शेजारी कागदावर उतरवा: खात्याचे शेवटचे आकडे, कर्ज सुरू झाल्याची तारीख, शिल्लक, स्थिती, शेवटचा हप्ता, महिन्यांची पट्टी. फरक कुठे आहे ते दहा मिनिटांत दिसतं.

मग दोन आघाड्या एकदमच उघडायच्या. पहिली सर्व्हिसरकडे, लेखी चूक-सूचना. ती त्याने अशा पत्रांसाठी ठरवून दिलेल्या पत्त्यावरच गेली पाहिजे. हप्त्याच्या स्लिपवर लिहिलेली तक्रार धरली जात नाही. मजकूर कोरडा ठेवा: कर्ज क्रमांक अमुक, एप्रिलचा हप्ता २,४१० डॉलर, १ एप्रिलला जुन्या सर्व्हिसरकडे जमा, सोबत बँकेचं स्टेटमेंट आणि बदलाचं पत्र, ही नोंद 'वेळेवर' अशी करून तिन्ही ब्युरोंना कळवावं. पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. कामाच्या ५ दिवसांत पोच आणि कामाच्या ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पत्र मिळाल्यापासून ६० दिवस त्या हप्त्याबद्दल वाईट नोंद पाठवायलाही मनाई आहे.

दुसरी आघाडी ब्युरोंकडे, ज्यांच्यात चूक आहे त्या प्रत्येकीकडे वेगळा अर्ज. १९७० च्या क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याप्रमाणे त्यांना ३० दिवस मिळतात, काही वेळा ४५. नुसतं सर्व्हिसरला लिहून थांबू नका. ब्युरोमार्फत तक्रार गेली तरच पुढे कोर्टात दाद मागायची वाट उघडी राहते. ऑनलाइन अर्जात कारणांची तयार यादी असते आणि तुमचा पुरावा त्या यादीत बसवावा लागतो. म्हणून घरकर्जासारख्या मोठ्या बाबतीत टपालच बरं. 'तपासलं, बरोबर आहे' असं मोघम उत्तर आलं तर तपास कसा केला ते विचारा, १५ दिवसांत सांगणं त्यांना बंधनकारक आहे.

नवं घरकर्ज मंजुरीच्या टप्प्यावर असेल तर क्रम थोडा बदलतो. खात्यावर 'वाद चालू' असा शेरा असला की कर्जदाते फाइल अडवून धरतात. अशा वेळी सर्व्हिसरकडून दुरुस्तीचं पत्र मिळवा आणि कर्जदात्याला रॅपिड रिस्कोअर करायला सांगा. ती सोय काही दिवसांत आकडा ताजा करते, पण ग्राहकाला थेट मिळत नाही. 'क्रेडिट दुरुस्त करून देतो' म्हणून आगाऊ फी मागणाऱ्यांपासून लांब राहा. काम होण्याआधी पैसे घेणं त्यांना कायद्याने मना आहे.

दुरुस्ती झाल्यावर दोन-तीन महिने रिपोर्ट पुन्हा बघायचाच. सर्व्हिसरच्या मूळ संगणकात चूक तशीच राहिली असेल तर पुढच्या महिन्याची फाइल पुसलेली ओळ परत चढवते. काढलेली नोंद परत घातली तर ब्युरोने कामाच्या ५ दिवसांत लेखी कळवायचं असतं.

ज्यांचं घर पर्वरीत किंवा मडगावात आणि नोकरी आखातात किंवा जहाजावर, त्यांच्यासाठी भारतातले दोन शब्द. अमेरिकेतला स्कोअर तिकडे चालत नाही. तिकडे सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क असे चार उतारे, प्रत्येकाचा एक पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत. परदेशी गेल्यावर बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करताना हप्त्याचं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, तुटू शकतं आणि ईएमआय परत जातो. खातं बदलाल त्याच आठवड्यात नवं मँडेट द्या. कर्ज एका बँकेतून दुसरीत नेलं असेल तर जुनं खातं चारही ठिकाणी बंद दिसतंय का, तेही बघा. तक्रारीवर बँकेला २१ दिवस आणि एकूण ३० दिवसांची मुदत आहे. त्यानंतर निकाल लागेपर्यंत रोज १०० रुपये भरपाई मिळते. ते दिवस तक्रार केलेल्या तारखेपासून मोजतात, म्हणून फोनवर बोलून ठेवू नका. लेखी द्या आणि तक्रार क्रमांक त्याच दिवशी टिपून घ्या.