बंपर काढल्यावर कळलं गाडीला दुपारीच दम का लागायचा

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, ती जुनी, २००५ची. १७८१ सीसी, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण २०, आणि टर्बो. युरोपात हीच गाडी १८० हॉर्सपॉवरची यायची, आपल्याकडे १५०ची दिली, पण त्या काळात आपल्या रस्त्यावर १५० म्हणजे सुद्धा लई होतं. मुलुंडच्या एका काकांची गाडी आहे, बँकेतून रिटायर झालेत, पहिले मालक तेच. १५ वर्षं झाल्यावर ग्रीन टॅक्स भरून परत पासिंग करून घेतली पण विकली नाही. कप्प्यात एक वही असते, पेट्रोल कधी टाकलं, किती टाकलं, किती किलोमीटर झाले, सगळं त्यात. असं गिऱ्हाईक मिळालं की अर्धं काम वहीतच होतं.

तर मे महिन्यात काका आले आणि सोबत त्यांचा मुलगा, तो ऐरोलीला आयटीत आहे. काकांची तक्रार एकच, सकाळी गाडी ठीक पळते पण दुपारी दम लागतो, पिकअपच मारत नाही. मुलाने मात्र निदान पण केलेलं आणि औषध पण आणलेलं. डिकी उघडली तर आत चकाचक अल्युमिनियमचा फ्रंट माउंट इंटरकूलर, २४ इंच लांब, १२ इंच उंच, तीन इंच जाड, ऑनलाइन मागवलेला. म्हणे हा बसवा, बास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टर्बो हवा दाबतो, आणि दाबली की हवा तापते. बाहेर ३५ डिग्री असेल आणि टर्बोने एक बार दाब दिला तर टर्बोच्या तोंडाशी हवा शंभराच्या बरीच वर जाते. ती तशीच इंजिनात गेली तर एक तर गरम हवेत ऑक्सिजन कमी मावतो, वर नॉकिंग सुरू होतं, म्हणजे प्लगची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल आपोआप पेटतं, त्यात आपलं साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ ऑक्टेनचंच मिळायचं, आणि ऑक्टेन कमी तितकं नॉकिंग लवकर. नॉक सेन्सरला ते ऐकू येतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, इंजिन वाचतं पण गाडी मरते. म्हणून मधे इंटरकूलर, हवेचा रेडिएटरच म्हणा. या गाडीत कंपनीने तो छोटासा दिलाय, उजव्या फेंडरच्या आत, ड्रायव्हरच्या चाकापुढे कोपऱ्यात, त्याला साइड माउंट म्हणतात.

मी म्हटलं आधी बघू तरी. लॅपटॉप लावला, मुलगा मागे लॅपटॉप घेऊन, काका शेजारी, आणि भर दुपारी चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवेला लागलो. तिथे ८०ची लिमिट, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्येच खालून वरपर्यंत ओढायची, जरा थांबायचं, परत ओढायची. लॅपटॉपवर ११८ नंबरच्या ग्रुपमध्ये इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, टेंपरेचर दिसतं, ०२० मध्ये कुठल्या सिलिंडरचं टायमिंग किती मागे गेलं ते. पहिल्यांदा ओढली तेव्हा मस्त. दुसऱ्यांदा जरा जड. तिसऱ्यांदा इनटेक ७८ डिग्री आणि चारही सिलिंडरचं टायमिंग मागे. मुलगा मागून म्हणाला, बघा मी काय सांगत होतो. काका म्हणाले, अरे पण ही गाडी नवी होती तेव्हा पण मेमध्येच चालवायचो की मी, तेव्हा नाही दम लागला.

या माणसाचं हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण बरोबर होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंपर काढला. चाकाच्या आतलं प्लास्टिक, खालचे स्क्रू, सगळे टॉर्क्स, त्यातले दोन गंजून बसलेले, ते एक वेगळं रामायण. बंपर खाली आला आणि मी पोऱ्याला म्हटलं, टॉर्च दे. साइड माउंटच्या पुढे एक प्लास्टिकचा डक्ट असतो, बंपरच्या जाळीतून आलेली हवा त्या डक्टमधून इंटरकूलरवर जाते. तो डक्टच नव्हता! वहीत बघितलं तर काही वर्षांपूर्वी उजवा कोपरा ठोकलेला आणि कुठल्यातरी गॅरेजला बंपर बदललेला, तेव्हा तुटलेला डक्ट कोणी परत लावलाच नाही. म्हणजे इतकी वर्षं इंटरकूलर जागेवर होता पण वारा त्याच्या अंगाला लागतच नव्हता, पंखा बाहेरच्या खोलीत आणि आपण आतल्या खोलीत झोपल्यासारखं. शिवाय फिन्समध्ये, म्हणजे इंटरकूलरच्या पातळ पत्र्यांमध्ये, चिखल, पानं, आणि आतून टर्बोचं तेल, उलटा केला तर अर्धी वाटी तेल निघालं.

आता इथे खरी मजा. काका म्हणतात डक्ट शोध, साफ कर, बसव, विषय संपला. आणि माझं प्रामाणिक मत पण तेच होतं, स्टॉक, म्हणजे काही बदल न केलेल्या, गाडीला एवढ्यावर भागतं, ते मी मुलासमोरच सांगितलं. पण डक्ट मिळायला पाहिजे ना. फोन फिरवले, कुर्ल्याला सीएसटी रोडच्या स्पेअरपार्टवाल्यांना विचारलं, कोणाकडे नाही. मुलगा म्हणाला मग आता तरी लावा. काकांनी शेवटी मान डोलावली पण एका अटीवर. "लाव, पण माझा एसी गेला तर मी गाडी तुझ्याच दारात ठेवून जाईन."

लोकांना वाटतं काका लोकांची किरकिर आहे ही. नाहीये. फ्रंट माउंट लावला की तो एसीच्या कंडेन्सरच्या, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, पुढे येतो, त्याच्या मागे रेडिएटर. म्हणजे कंडेन्सरला जी ताजी हवा मिळायची ती आधी इंटरकूलर खाणार. हायवेवर काही वाटत नाही. पण मुंबईत गाडी किती वेळ ८०ने पळते आणि किती वेळ भांडुप स्टेशनसमोर रिक्षाच्या मागे उभी असते, तुम्हीच सांगा. आणि तो १२ इंच उंच, तीन इंच जाड ठोकळा पूर्ण कंडेन्सर झाकणार होता, वर तो बसवायला बंपरच्या मागचा लोखंडी बार कापावा लागणार होता. तो मी कापत नाही. ठोकर लागली तर पहिला मार तोच खातो, आणि पावसात गाडी बंद पडली तर टोचनचा हुक पण तिथेच लागतो.

मग तो ठोकळा रिक्षात घालून कुर्ल्याला नेला. एक ओळखीचा भाई आहे, त्याच्याकडे दोन इंच जाडीचा, कमी उंचीचा एक मिळाला, ट्यूब आणि फिनवाला. मुलाचा बार प्लेटवाला होता, तो वजनदार, बरीच उष्णता पोटात घेतो म्हणून रेसवाल्यांना आवडतो, पण त्यातून मागे हवा कमी जाते. आपल्याला मागे एसी जगवायचाय. वर थोडे पैसे घेऊन त्याने बदलून दिला. मुलाचं तोंड एवढंसं झालं, बाहेरून दिसायला तो मोठाच भारी दिसला असता ना.

हा बरोबर बारच्या खाली बसला, बंपरच्या खालच्या जाळीमागे. वरची ग्रिल कंडेन्सरला मोकळी. पाइपचं काम मात्र दिवस खाऊन गेलं. या इंजिनात टर्बो मागे, फायरवॉलच्या म्हणजे केबिनच्या भिंतीच्या बाजूला, आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पुढे डावीकडे, म्हणजे पाइप उजवीकडून खाली यायचा, इंटरकूलरमधून आडवा जायचा आणि डावीकडे वर चढायचा. अल्युमिनियमचे बेंड कापून जागेवर धरायचे, मार्करने खूण करायची, आर्गन वेल्डिंगवाल्याकडे टाका मारायला न्यायचे, परत आणून बघायचे, अर्धा इंच घासतंय, परत न्यायचे. त्यात कंपनीचा प्रेशर सेन्सर साइड माउंटवरच बसवलेला असतो, तो आता थ्रॉटलजवळच्या पाइपवर घ्यायचा, त्यासाठी वेगळा फ्लँज वेल्ड केला आणि वायर लांब केली. पाइपच्या टोकाला बीड काढून घ्या बरं का, म्हणजे उंचवटा, नाहीतर प्रेशरने सिलिकॉन होज उडते. आतून तेल पुसायचं, मग होजच्या आत हेअर स्प्रे मारायचा आणि लगेच चढवायची, सुकला की चिकटून बसते. पोऱ्याने हेअर स्प्रे आणायला पळत जनरल स्टोअर गाठलं, तिथली बाई म्हणे कोणाचं लग्न आहे.

शेवटी, आणि हे कोणी चुकवू नका, इंटरकूलरच्या चारी बाजूच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद केल्या. हवा आळशी असते, मोकळी फट दिसली की फिन्समधून जायचं सोडून तिथून जाते.

बंपर लावायच्या आधी लीक टेस्ट. टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीची कॅप, त्याला टायरचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरने हळूहळू हवा, जोडांवर साबणाचं पाणी. नव्या जोडांवर एक बुडबुडा नाही, तरी प्रेशर उतरतंय. शोधता शोधता हात डायव्हर्टर व्हॉल्व्हवर गेला, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की दाबलेली हवा परत टर्बोच्या तोंडाकडे सोडणारी झडप ती, आणि ती जुनीच. काढला, पेनाने पिस्टन वर ढकलला, निपलवर बोट दाबलं, आतला पडदा चांगला असेल तर पिस्टन वरच राहतो. हा लगेच खाली. पडदा फाटलेला. म्हणजे काकांच्या गाडीला दोन रोग होते, एक हवा थंड होत नव्हती आणि दुसरं, कमावलेलं प्रेशर टर्बोच्या तोंडातच परत जात होतं. नवीन ७१०एन नंबरचा व्हॉल्व्ह टाकला.

दुपारी परत तेच फ्रीवे, तेच तिघं. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा इनटेक ४९, टायमिंग जवळजवळ जागेवर. पाचव्यांदा पण पन्नाशीच्या आसपासच. मुलगा मागे एकटाच टाळ्या वाजवतोय. काका गप्प, म्हणाले आता एलबीएस रोडला घे. घेतली. भांडुपच्या गर्दीत, एसी फुल, एसीच्या जाळीत माझं थर्मामीटर खोचलेलं आणि काका डोळे लावून बसलेले. उभ्या गाडीत आकडा आधीपेक्षा दीड डिग्रीने वर गेला, पंखा दुसऱ्या स्पीडला जरा जास्त वेळ चालला, इंजिनचा काटा मधून हलला नाही. काकांनी वहीत लिहिलं आणि म्हणाले, "दीड चालेल."

मुलाने मग तोच प्रश्न विचारला जो सगळे विचारतात, पावसात पाणी ओढेल का. बंद पाइप आहे रे बाबा, हवा एअर फिल्टरच्या डब्यातून आत येते, इंटरकूलरच्या जाळीतून नाही, जाळीवर पाणी पडलं तर उलट थंडच होईल. फक्त खालचा एखादा जोड सैल असला आणि गाडी पाण्यात बुडवून आयडलला ठेवली तर गडबड. म्हणून जूनच्या आधी क्लिपा घट्ट करायला या. आणि जुना साइड माउंट घरी जपून ठेवा. गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सुप्रीम कोर्टाचा २०१९चा निकाल आहे, उद्या पासिंगला कोणी हरकत घेतली तर परत जागेवर बसवता येईल, इन्शुरन्सवाल्यांना पण कळवून टाका.

परवा मुलाचा मेसेज आलाय, आता रीमॅप करायचा का, म्हणजे ईसीयूचं सेटिंग बदलून ताकद वाढवायची का, बाबांना सांगू नका. मी लिहिलं, क्लच अजून पहिलाच आहे, वहीत बघितलंय मी, आधी तो टाक, आणि त्याचं बिल बाबाच भरणारेत तेव्हा सांगावं तर लागेलच.