विमा आयुक्तपदाच्या उमेदवार क्लबात आल्या तेव्हा

आमच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्लबाच्या महिन्याच्या बैठकीला एरवी पंधरा-वीस जण असतात. गुरुवारी घडीच्या खुर्च्या कमी पडल्या, उरलेले लोक भिंतीला टेकून उभे राहिले. कॅलिफोर्नियाच्या विमा आयुक्तपदासाठी उभ्या असलेल्या एक उमेदवार यायच्या होत्या. आम्ही सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी पाईनच्या जंगलात राहतो, आणि इथं घरोघरी विमा कंपनीचं एक पत्र येऊन पडलेलं आहे.

आमच्याकडे ते गेल्या मार्चमध्ये आलं. बावीस वर्षं एकच कंपनी, एकदाही क्लेम नाही, तरी वणव्याच्या धोक्यामुळे पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही म्हणाले. कायद्यानं ७५ दिवस आधी कळवावं लागतं. त्यातले कितीतरी दिवस आमच्या यांनी फोनवर घालवले. शेवटी फेअर प्लॅन घेतला. ही १९६८ पासूनची, सगळ्या कंपन्यांनी मिळून चालवायची योजना, ज्यांना कुणीच विमा देत नाही त्यांच्यासाठी. तिच्यात आग, धूर, वीज आणि घरातला स्फोट एवढंच येतं. चोरी झाली किंवा नळ फुटून पाणी झालं तर त्याची पॉलिसी वेगळी. आमचे दोन्ही हप्ते मिळून आधीच्या तिप्पट झालेत.

हे पद निवडणुकीचं आहे हे इथली नागरिक होईपर्यंत मला माहीत नव्हतं. भारतात विमा नियामकाचा अध्यक्ष केंद्र सरकार नेमतं. इथं १९८८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १०३ हा थेट मतदानाला ठेवलेला कायदा मंजूर केला, तेव्हापासून आयुक्त लोक निवडून देतात आणि घराच्या, गाडीच्या विम्याचे दर वाढवायचे तर कंपनीला त्याच्याकडून आधी मंजुरी घ्यावी लागते. गव्हर्नरच्या नावापुढे खूण करून कित्येक जण मतपत्रिका मिटतात, या नावापर्यंत येतच नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं.

प्रश्नाला एक मिनिट होतं. मी विचारलं, "घराभोवती शंभर फुटांपर्यंत झुडपं काढली, भिंतीलगत पाच फूट नुसती खडी टाकली, ठिणग्या आत जाऊ नयेत म्हणून व्हेंट्सना बारीक जाळी बसवली. असं केलं की हप्त्यात सूट द्यावी असा नियम आहे. पण कंपनी मुळात घेतच नसेल तर सूट कशावर? तुम्ही त्यांना भाग पाडू शकाल?"

त्या म्हणाल्या, "नाही. आयुक्ताला तो अधिकार नाही. दर रोखता येतात, पण विमा विकायलाच लावता येत नाही. त्यासाठी विधिमंडळात कायदा करून घ्यावा लागेल, आणि तो मी मागणार आहे."

ते "नाही" ऐकून बरं वाटलं. आश्वासन देणं फार सोपं होतं.

मग आमच्या खजिनदारांनी पैशांचं विचारलं. विमा कंपन्यांकडून एक पैसा घेत नाही, असं त्या ठामपणे म्हणाल्या. "आणि एजंटांकडून?" यावर त्या थांबल्या. दोघांकडून घेतलेत, म्हणाल्या. हे मला आवडलं नाही, अजूनही खटकतंय. विचारल्याशिवाय सांगायला हवं होतं.

शेवटी आमच्या शेजारच्या आजी उठल्या. वय ८३, घर कर्जमुक्त, त्यामुळे बँकेची विम्याची सक्ती नाही आणि हप्ता परवडत नाही म्हणून विमाही नाही. "वाऱ्याच्या रात्री मी बूट घालून झोपते," एवढंच त्या म्हणाल्या. हॉल अगदी गप्प झाला. उमेदवारांनी वही उघडली, घर कधीचं, कंपनीनं काय लिहिलं होतं, सगळं विचारून उतरवून घेतलं. खुर्च्या आवरून झाल्या तरी त्या आजींशी बोलतच होत्या.

क्लबाचा पाठिंबा कुणाला, यावर आम्ही पुढच्या महिन्यात मतदान करू. जूनच्या प्राथमिक फेरीत पहिले दोन येतील, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, तेच नोव्हेंबरला उभे राहतील. माझं मत अजून ठरलेलं नाही. त्याआधी दुसरे एक उमेदवार यायचे आहेत. परतताना गाडीत आजींनी मला विचारून ठेवलंय, "त्या दिवशीही नेशील ना? त्यांनाही सांगायचंय मला."