पावसाळ्यातलं पोट

पोटदुखीचा पेशंट माझ्यापर्यंत सहसा पोचत नाही, त्याचं रक्त पोचतं. रत्नागिरी जिल्ह्यात बंदराजवळ माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. जुलैत तिथे टायफॉइड आणि शौचाच्या तपासण्यांची रांग असते. त्या रांगेत चाळिशीच्या आतला एक मच्छीमार उभा होता, काखेत जाडजूड फाइल.

सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सीटी स्कॅन, सगळं नॉर्मल. अपेंडिक्स काढून झालेलं. अ‍ॅसिडिटीच्या, जंताच्या, अमिबाच्या, रक्तवाढीच्या गोळ्या खाऊन झालेल्या. ‘टेन्शन घेऊ नका’ हेही ऐकून झालेलं. तक्रार मात्र तशीच. बेंबीभोवती पीळ पडून कळ यायची आणि चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही. पावसाळा लागला की दुखणं वाढायचं. पावसाळा म्हणजे गढूळ पाणी आणि गढूळ पाणी म्हणजे अमिबा, हे गणित कोकणात कुणालाही पटतं. पण अमिबाच्या मुरड्यात पोट बहुधा ढिलं होतं, याचं उलट घट्ट.

मशीनने हिमोग्लोबिन ८.६ दाखवलं, पेशी जरा लहान. लोह कमी असेल असं वाटावं, तर फाइलमधला लोहसाठ्याचा रिपोर्ट चांगला. असा मेळ बसेना की मी स्लाइड स्वतः बघते. मशीन पेशी मोजतं, पेशीत काय आहे ते सांगेलच असं नाही.

तांबड्या पेशी एरवी स्वच्छ गुलाबी दिसतात. इथे बऱ्याच पेशींवर चपातीवर खसखस पडावी तसे बारीक निळे ठिपके होते. शिशाची विषबाधा झाली की असे ठिपके दिसतात, पण थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारातही दिसतात, म्हणून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं. रक्त त्यात फार वेळ राहिलं तर हे ठिपके पुसट होतात. मग त्याला आत बोलावून बोटाला टोचून ताज्या थेंबाची स्लाइड केली. ठिपके आणखी ठळक.

“तोंड उघडा जरा.” दातांच्या कडेने हिरडीवर निळसर काळी रेघ होती. आमच्याकडे मशेरीने काळवंडलेली तोंडं रोजची, म्हणून कापसाने घासून पाहिलं. रेघ हिरडीच्या आतलीच होती, निघाली नाही. लंडनचे डॉक्टर हेन्री बर्टन यांनी १८४० मध्ये वर्णन केलेली ही रेघ मी तोवर फक्त पुस्तकात पाहिली होती. रक्तातलं शिसं आणि दातांवरच्या जंतूंनी तयार केलेलं गंधक यांच्या संयोगाने ती उमटते.

“मासेमारी तर बंद आहे. जून-जुलैत काय करता?”

“जाळी शिवतो मॅडम, पाग भरतो.” पाग म्हणजे फेकायचं जाळं, ते बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाची वजनं लावतात.

“पागाची शिसं घरीच ओतता?”

“हो मग. पडवीतच, दार ओढून. बाहेर पावसात कुठं ओतणार?”

शिसं कुठलं, तर भंगारवाल्याकडून किलोवर आणलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटा. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, चुलीवर सहज. वर येणारी करडी मळी काढून टाकताना तिची भुकटी उडते. ती श्वासातून जाते, बोटांवरून बिडीत आणि भातात जाते. १ जून ते ३१ जुलै बंदी, तेवढ्यातच हे काम आणि तेवढ्यातच पोटदुखीचा जोर. पाण्याचा संबंधच नव्हता.

शिसं रक्त तयार होण्याची साखळी मध्येच तोडतं, म्हणून लोह असूनही रक्त कमी. आतड्याच्या नसा-स्नायूंवरही त्याचा परिणाम होतो, त्यातून ती कळ आणि ते बद्धकोष्ठ. जखम नाही, गाठ नाही. दुर्बिणीला दिसणार काय? इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातही अशाच पोटदुखीने लोक पिढ्यान्‌पिढ्या हैराण होते. ती सफरचंदाच्या दारूच्या घाण्यांतल्या शिशामुळे होते, हे डॉक्टर जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये दाखवून दिलं.

मुंबईला पाठवलेल्या नमुन्यात डेसिलिटरला ९४ मायक्रोग्रॅम शिसं निघालं. मोठ्या माणसात ५ च्या वर गेलं तरी जास्त धरतात. फिजिशियननी त्याला कोल्हापूरला पाठवलं. तिथे शिशाला बांधून लघवीवाटे काढणारं औषध सलाइनमधून दिलं, माझ्या नळीतल्या ईडीटीएचाच भाऊबंद. कळ थोड्या दिवसांत थांबली. हाडांत मुरलेलं शिसं मात्र वर्षानुवर्षं रक्तात झिरपत राहतं, त्यामुळे तपासणी सुटत नाही.

मी घरच्या सगळ्यांचं रक्त मागवलं. धाकट्या मुलीचं २१ आलं. तिचं पोट कधीच दुखलं नव्हतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. लहान मुलांत शिसं मेंदूवर जातं, तेही गुपचूप. पडवी ओल्या फडक्याने पुसायची, कोरडा झाडू मारायचा नाही, आणि चूल तिथून कायमची हलवायची, एवढं तिच्या आईने त्याच आठवड्यात केलं.

पाग आता तो बाजारातून तयार शिसं आणून भरतो. शेजारच्या घरात त्याचा भाऊ अजून ओततोच. रक्त द्यायला ये म्हटलं तर म्हणतो, “माझं पोट कुठं दुखतंय?”